काईटबोर्डच्या पॅडखाली जाड थर: अख्ख्या हंगामाचा अनुभव

काईटबोर्ड म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीनं पाण्यावर चालवायचा बोर्ड. त्यावर पाय ठेवायला जे मूळ पॅड असतात, त्यांच्याखाली टाचेपाशी फोमचा १० मिलिमीटरचा जादा थर बसवून मी गोव्यात मोरजीला अख्खा हंगाम काढला. माझ्या टाचांसाठी हा बदल मी पुन्हा करीन, त्यात शंका नाही. सगळ्यांनी करावा असं मात्र वाटत नाही. आणि करायचाच असेल, तर फोमपेक्षा स्क्रूवर जास्त वेळ घालवावा लागतो. काईटवाल्या मराठी मंडळींसाठी म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझी बाजू सांगतो. वजन ८६ किलो, वय चाळिशीच्या पुढे, टाचदुखी जुनी. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेतून कळ जायची. डॉक्टरांनी प्लांटर फॅसायटिस (तळपायाच्या टाचेकडच्या पट्ट्याचा त्रास) सांगितलं, पोटऱ्या ताणायचे व्यायाम दिले, घरात एमसीआरची, म्हणजे मऊ स्पंजी रबराची चप्पल घालायला लावली. बोर्ड १४० बाय ४२ सेंटिमीटरचा ट्विन टिप (दोन्ही टोकं सारखी, दोन्ही दिशांना चालणारा), आत लाकडाचा गाभा. कंपनीचे पॅड टाचेखाली साधारण १५ मिलिमीटर. पॅड वाईट नाहीत. हलक्या माणसाला पुरेसे आहेत.

मोरजीला दुपारी किनारा तापला की वायव्येकडून खारा वारा सुटतो. बऱ्याचदा तो १२ ते १५ नॉटच्या घरात असतो, म्हणजे ताशी २२ ते २८ किलोमीटर. माझ्या वजनाला एवढ्या वाऱ्यात मोठा काईट लागतो आणि वाऱ्यावर चढायचं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला सरकायचं, तर सगळा भार टाचांवर घेऊन बोर्डाची कड पाण्यात दाबून धरावी लागते. त्यात समोरून छोट्या, तुटक लाटा. एकही लाट मोठी नसते, पण बोर्ड प्रत्येकीवर आपटतो आणि तो प्रत्येक धक्का थेट टाचेच्या हाडात जातो. उड्या मारणाऱ्यांना उतरतानाचा धक्का बसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. या बारीक, सततच्या माराबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला मात्र संध्याकाळी जिना उतरताना रेलिंग धरावं लागायचं ते त्याच्यामुळेच.

पहिला विचार अर्थातच एमसीआरचा आला. चपलेत इतकं सुख देतं, तर पॅडखाली का नको? एमसीआरचा तुकडा बोर्डावर ठेवून त्याच्यावर जागच्या जागी उड्या मारून पाहिल्या. उभं राहिल्यावर मस्त वाटतं, पण जोरात टाच आपटली की तो पार दबून जातो आणि खालचा बोर्ड जाणवतो. मऊ फोमचा हाच प्रश्न आहे. स्थिर वजनाला तो छान, आपटल्यावर त्याची जाडी संपलेली असते. मग म्हापशाच्या बाजारात चपला-बुटांचं सामान विकणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी ईव्हीएच्या (चपलांच्या तळव्याला वापरतात त्या फोमच्या) तीन प्रकारच्या शीट पुढ्यात टाकल्या आणि म्हणाले, "अंगठ्यानं दाबून बघा. जे अर्धंच दबतं आणि लगेच वर येतं, ते घ्या." मी तेच घेतलं. बोर्डाचे मूळ पॅडही बहुधा ईव्हीएचेच असतात. त्यातले हवेचे बारीक कप्पे बंद असतात, त्यामुळे तो पाणी पीत नाही.

थर मूळ पॅडच्या वर न चिकटवता खाली घातला. वरच्या बाजूला कंपनीने पायाच्या कमानीचा आधार, बोटांसाठीची पट्टी, टाचेचा खळगा असं सगळं घडवलेलं असतं, ते झाकून टाकण्यात अर्थ नाही. टाचेखाली १० मिलिमीटर, तिथून पुढे घासत घासत चवड्याखाली ३. घासायला ८० नंबरचा पॉलिश पेपर. चपलेला लावतात तेच सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. थर फक्त पॅडला चिकटवा, बोर्डाला नको. नाहीतर पुढे पॅड काढताना बोर्डाचा रंग सोलून निघेल.

आता स्क्रू. पॅडच्या दोन्ही बाजूंचे जे स्क्रू पॅड आणि स्ट्रॅप (पाय अडकवायचा पट्टा) धरून ठेवतात, ते बोर्डात बसवलेल्या धातूच्या इन्सर्टमध्ये, म्हणजे आतून आटे असलेल्या नळीत जातात. माझ्या बोर्डावर ते एम-६ मापाचे, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाचे आहेत. पॅड उचलला गेला की तेवढीच लांबी इन्सर्टमधून कमी होते. जुनेच स्क्रू वापरले तर ते दोन-तीन आट्यांवर लटकतात आणि भर पाण्यात स्ट्रॅप हातात येऊ शकतो. जास्त लांब घेतले तर स्क्रूचं टोक इन्सर्टच्या तळाला टेकतं, आपल्याला वाटतं घट्ट बसला, आणि आणखी पिळलं की ते टोक बोर्डाचा खालचा पृष्ठ आतून बाहेर ढकलतं. तिथून पाणी लाकडात शिरलं की बोर्ड संपला.

मोजायची सोपी रीत आहे. एम-६च्या साध्या आट्याचं अंतर १ मिलिमीटर असतं. म्हणजे रिकाम्या इन्सर्टमध्ये स्क्रू हातानं फिरवायचा आणि आटा पकडल्यापासून अलगद टेकेपर्यंत किती पूर्ण फेरे झाले ते मोजायचं. जितके फेरे, तितके मिलिमीटर खोली. त्यातून एक-दोन मिलिमीटर मोकळे सोडायचे आणि किमान सहा फेरे तरी स्क्रू आत राहील असं बघायचं. माझ्याकडे स्क्रूच्या जागी थराची जाडी ६ मिलिमीटर भरली, म्हणून स्क्रूही जुन्यांपेक्षा ६ मिलिमीटरनं जास्त लांब घेतले. मिळाले तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, खाऱ्या पाण्यात ते ३०४पेक्षा जास्त टिकतं.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात उपयोगी पडली. फोमवर वायसर ठेवून स्क्रू आवळला की फोम हळूहळू दबतो आणि आठवड्याभरात स्क्रू सैल. म्हणून थरात स्क्रूच्या भोकाभोवती नायलॉनची छोटी नळी बसवली, बरोबर थराच्या जाडीएवढी. आता आवळल्याचा जोर नळीतून बोर्डावर जातो, जादा फोम दबत नाही. तरीही पाण्यात उतरण्याआधी चारही बाजूंना स्क्रू-ड्रायव्हर लावून बघतोच.

फरक पहिल्याच दुपारी कळला. लाटांवरचा आवाज तोच, पण टाचेला पोचणारा मार बोथट झालेला. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. पलंगावरून उतरताना पाऊल सरळ टेकता आलं. पुढे सलग दोन दिवस वारा मिळाला तरी दुसऱ्या दिवशी उतरायची हिंमत होऊ लागली. माझ्यासाठी हा हिशेब इथेच पूर्ण झाला. टाचदुखी यानं बरी होत नाही, पोटऱ्यांचे व्यायाम सुटले की ती परत डोकं काढते. उडीनंतर उतरतानाही फोमपेक्षा गुडघे वाकवणं आणि बोर्डाचं नाक वारा वाहत जातो त्या दिशेला वळवून उतरणं जास्त कामाला येतं.

याची किंमत मोजावी लागते ती बोर्डाच्या जाणिवेत. कड किती दबली आहे हे पूर्वी तळपायाला लगेच कळायचं, आता क्षणभर उशिरा कळतं. गादीवर उभं राहून जमीन चाचपावी तसं. वाऱ्यावर चढताना सुरुवातीला मी कड गरजेपेक्षा जास्त दाबत होतो, वेग पडत होता. सवय व्हायला काही आठवडे गेले. स्ट्रॅपचंही तसंच. पाय उंचावला की पावलाच्या वरच्या बाजूला स्ट्रॅप आवळतो. माझ्या स्ट्रॅपचं व्हेल्क्रो आता जवळजवळ शेवटच्या टोकाला आहे. इथे हयगय करू नका. पडल्यावर पाय स्ट्रॅपमधून सुटायलाच हवा, नाहीतर बोर्ड घोटा किंवा गुडघा पिळून काढेल. किनाऱ्यावर वाळूत बसून, पाय ओले करून, झटक्यानं सुटतो का ते पाहूनच मी आत जातो.

मधे रामेश्वरमला बोर्ड घेऊन गेलो. तिथल्या उथळ, सपाट पाण्यावर लाटांचा मार नाहीच, त्यामुळे थराचा फायदा जवळपास शून्य आणि जाणीव कमी झाल्याचा तोटा मात्र पुरेपूर. त्यात तळाशी शिंपले म्हणून निओप्रीनचे बूट घातले, तर पायाखाली बोर्ड आहे की नाही हेच कळेना. दोन दिवसांत थर काढून ठेवला आणि जुने स्क्रू परत लावले. तुम्ही बहुतेक वेळ सपाट पाण्यावर असाल तर या भानगडीत पडू नका.

टिकाऊपणा ठीक. मी उजव्या हाताच्या दिशेनं जास्त ताकद लावून जातो, त्यामुळे तेव्हा मागे असणाऱ्या पायाखालचा थर जास्त बसला. हंगामाअखेर तो १० वरून ८ मिलिमीटरच्या आसपास आला, दुसऱ्या पायाखालचा जेमतेम हलला. चवड्याकडची पातळ कड दोनदा सुटली, कारण उन्हात गाडीत बोर्ड राहिला की सोल्यूशन ढिलं पडतं. सुटलेल्या फटीत वाळू जाते आणि ती बोर्डाचा पृष्ठ घासते, तेव्हा पॅड काढून गोड्या पाण्यानं धुणं आलंच.

नव्यानं शिकणाऱ्यांनी थांबावं. सुरुवातीला कड पायाला कळणं फार गरजेचं असतं, आणि भाड्याच्या बोर्डाचे स्क्रू बदलू नयेत हे तर आहेच. ज्यांचं वजन ८०च्या वर आहे, गुडघे-टाचा कुरकुरतात आणि जे माझ्यासारखे कोकण-गोव्याच्या तुटक लाटांत असतात, त्यांनी मात्र जरूर करून बघावं. १० एकदम नको, ६ मिलिमीटरपासून सुरू करा. पुढच्या हंगामासाठी मीही टाचेखाली ८चाच थर कापून ठेवलाय, फक्त या वेळी चवड्याकडची कड ३ मिलिमीटरऐवजी थेट टाचेच्या खळग्यापाशीच संपवली आहे, म्हणजे सुटायला पातळ टोकच उरणार नाही.