कुमारी मातेची मालिका: अभिनय उत्तम, जन्मदाखल्याचा भाग कच्चा

सोलापुरातल्या विडी कामगार मुलीची ही गोष्ट. पानं भिजवणं, कात्रीनं कापणं, तंबाखू भरून दोरा बांधणं, सगळं खरं वाटतं. नायिकेची आई तर अप्रतिम! दाखल्याच्या भागात मात्र लेखक कमी पडलेत. कारकून बाळाच्या बापाचं नाव मागतो, नायिका रडत परतते, विषय संपला. वास्तविक २०१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, अविवाहित आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यायचा. बापाचं नाव सांगायची सक्ती नाही. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची, उशीर झाला की शुल्क लागतं. हे दोन संवादांत मावलं असतं, आणि बघणाऱ्या एखाद्या पोरीला उपयोगी पडलं असतं. जिल्ह्यातल्या पंढरपुरात १८७५ साली अशा बाळांसाठी आश्रम निघाला, त्याचाही उल्लेख नाही. तरीही बघाच.