पहाटे ३:१२ चं शंभर टक्के

‘द विचर ३’ या गेमच्या स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकत घेऊन खेळण्याच्या ऑनलाइन दुकानावर, ७८ अचीव्हमेंट्स (ठरावीक कामगिरी केली की प्रोफाइलवर लागणारे बिल्ले) आहेत. माझ्याकडे ७४ होत्या. उरलेल्या ४ मी पैसे मोजून घेतल्या आणि त्या नादात अख्खं अकाउंट घालवून बसलो. हे लिहायला लाज वाटते. पण ज्याने मला गंडवलं तो नाव बदलून पुन्हा तेच दुकान मांडून बसलाय, हे गेल्या आठवड्यात कळलं. म्हणून लिहितोय.

हा गेम ज्यांनी पूर्ण करायला घेतला असेल त्यांना माझी अवस्था लगेच समजेल. २०१५ मध्ये मूळ गेम आला, पाठोपाठ ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि २०१६ मध्ये ‘ब्लड अँड वाइन’ ही दोन मोठी एक्स्पान्शन्स, म्हणजे गेमला जोडलेले नवे भाग. मी तिन्ही खेळलो, एकूण २३१ तास. त्यातले कित्येक तास तर स्केलिगे या बेटांभोवतीच्या समुद्रातच गेले. नकाशावर जिकडे बघावं तिकडे प्रश्नचिन्हं, आणि जवळपास प्रत्येक प्रश्नचिन्हाखाली तेच: पाण्यावर तरंगणारी पिंपं, बुडालेल्या पेट्या, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या सायरन नावाच्या राक्षसिणी. नावेतून उतर, बाण मार, बुडी मार, पेटी उघड, पुन्हा नावेत चढ. पेटीत एखादी फालतू तलवार, जी विकायलाही नकोशी. त्या प्रश्नचिन्हांसाठी एकही अचीव्हमेंट नाही, तरी मी सगळी उडवली. नकाशा स्वच्छ दिसला की बरं वाटायचं, एवढंच कारण.

पण उरलेल्या ४ अशा होत्या की त्या त्याच सेव्हमध्ये, म्हणजे जतन करून ठेवलेल्या त्याच खेळात, मिळणं शक्यच नव्हतं. एक म्हणजे ‘फुल क्रू’. केअर मोरहेन या किल्ल्यावरच्या लढाईला सगळे साथीदार गोळा करायचे. मी वेलेन या प्रदेशात असताना केरा मेट्झ या जादूगारणीला ते रोगराईवरचे कागद घेऊन खुशाल जाऊ दिलं होतं. तिला समजावून केअर मोरहेनला पाठवायचं असतं हे मला तीसेक तासांनी कळलं, तोवर मी धुक्याच्या बेटावर पोचून सिरीला, म्हणजे गेमभर जिचा शोध चालतो तिला, भेटलो होतो. त्या बेटावर पाऊल टाकलं की मागची बरीच दारं बंद होतात. दुसरी ‘कार्ड कलेक्टर’. गेममध्येच खेळायच्या ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचे काही पत्ते ठरावीक क्वेस्टमध्येच (गेममधल्या मोहिमांत) हाती येतात आणि माझे ३ पत्ते असेच कुठेतरी राहून गेले. उरलेल्या दोन, ‘वॉक्ड द पाथ’ आणि ‘रॅन द गॉन्टलेट’, अवघड पातळीवर गेम संपवल्याच्या. दुसरीला थेट ‘डेथ मार्च’ ही सगळ्यात अवघड पातळीच लागते आणि मध्येच पातळी खाली आणून चालत नाही. मी पहिल्यांदा सोप्यावर खेळलो होतो.

थोडक्यात, पुन्हा पहिल्यापासून. व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या भागातल्या त्या ग्रिफिन राक्षसापासून.

ज्या गेमिंग ग्रुपवर मी असतो तिथे मी ही रड गायली. तासाभरात एकाचा वैयक्तिक मेसेज आला. ‘भाऊ, ७४ वर अडकलास ना? ४ दिवसांत ७८ करून देतो. डेथ मार्चवर अख्खा गेम खेळायचा हा माझा चौथा रन असेल.’ बोलणं इतकं जाणकाराचं होतं की संशयाला जागाच नव्हती. डेथ मार्चवर ध्यान लावलं तरी जखमा भरत नाहीत, म्हणून सुरुवातीपासून खाण्याचा साठा लागतो, हे त्याने आपणहून सांगितलं. ‘निल्फगार्ड साम्राज्याचा माणूस दाढी करतानाच्या सीनमध्ये लेथो या साथीदाराबद्दल विचारेल, तिथे चुकीचं उत्तर दिलंस तर लेथो लढाईला येणारच नाही, पण ते मी बघतो,’ असंही म्हणाला. आता वाटतं, हे सगळं कुठल्याही गाइडमध्ये वाचायला मिळतं. तेव्हा वाटलं, आपल्यातला माणूस भेटला.

त्याने आधीच्या ‘गिऱ्हाइकां’च्या प्रोफाइल दाखवल्या, सगळीकडे शंभर टक्के. मी आकडे पाहिले, खाली स्क्रोल केलं नाही. तेवढं केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. कारण पुढे सांगतो.

अर्धे पैसे आगाऊ, तेही गिफ्ट कार्डच्या कोडने. ‘बँकेतून पाठव म्हणालो तर लोक नंतर तक्रार करून पैसे परत खेचतात, माझी मेहनत फुकट जाते.’ मला हे पटलं! पैसे परत मागण्याचा रस्ता तो माझ्यासमोर बंद करत होता आणि मी त्याच्या मेहनतीची काळजी करत होतो. कोडचा फोटो पाठवला, मिनिटभरात तो वापरला गेला. अशा कोडचं असंच असतं. ज्याने आकडे टाकले त्याचे पैसे, मग कार्ड विकणाऱ्याकडे कितीही खेपा घाला.

मग लॉगिन. इथे मी थोडा थबकलो होतो, हे नमूद करतो, म्हणजे अगदीच बावळट वाटणार नाही. मी विचारलं, ‘सेव्ह फाइल पाठवली तर चालेल का?’ या गेमचे सेव्ह कॉम्प्युटरवर डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये साध्या फाइल म्हणून पडलेले असतात, कॉपी करून कुणालाही देता येतात. तो म्हणाला, ‘सेव्हने अचीव्हमेंट चढत नाही, तुझ्याच अकाउंटवरून खेळावं लागतं.’ हे अर्धं खरं होतं आणि अर्ध्या खऱ्याने काम भागतं. मी पासवर्ड दिला. स्टीम गार्डचा, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या कुलपाचा, पाच अक्षरांचा कोड दर तीस सेकंदांनी बदलतो, म्हणून तो ‘लवकर लवकर’ करत होता आणि मी धावपळीने वाचून दाखवत होतो. स्वतःच्या घराची किल्ली चोराला देताना ती अडकू नये म्हणून वर तेल घालून देणारा माणूस मी.

कराराप्रमाणे चार दिवस थांबायचं होतं. पहिल्याच रात्री, पहाटे सव्वातीनच्या सुमारास, फोन वाजला. त्याचा मेसेज: ‘डन भाऊ. चेक कर.’ मी अंथरुणातूनच प्रोफाइल उघडली. ७८ पैकी ७८. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अगदी खराखुरा. चार दिवसांचं काम एका रात्रीत कसं झालं, हा प्रश्न मनात आला आणि मी तो बाजूला सारला. स्क्रीनशॉट काढला, ग्रुपवर टाकला, अभिनंदनं घेतली.

सकाळी धाकट्या बहिणीला दाखवलं. ती गेम खेळते, पण पूर्ण करण्याच्या भानगडीत कधी पडत नाही. तिने फोन हातात घेतला, बोटाने खाली सरकवत गेली आणि म्हणाली, ‘दादा, या चारहींची वेळ एकच आहे.’

‘म्हणजे?’

‘३:१२. सगळ्या ३:१२. पत्तेसुद्धा ३:१२ आणि अख्खा गेम संपवल्याचं पण ३:१२. झोपेत खेळलास का?’

स्टीम प्रत्येक अचीव्हमेंटखाली ती कधी मिळाली ते मिनिटापर्यंत दाखवतं. माझा खेळण्याचा वेळ आदल्या दिवशी २३१ तास होता, अजूनही २३१ तासच. गेम उघडला. नवा एकही सेव्ह नव्हता. केरा मेट्झ होती तिथेच, म्हणजे नव्हतीच. पत्त्यांचा हिशेब सांगणारं ग्वेंटचं पुस्तक माझ्याजवळ होतं. ते उघडलं तर अजून ३ पत्ते कमी.

बहुतेक गेममध्ये अचीव्हमेंट देण्याचं काम कॉम्प्युटरवर चालणारा गेमच करतो. तो स्टीमला कळवतो की अमुक झालं आणि स्टीम ते मान्य करतं. मग ‘मीच तो गेम आहे’ असं भासवणारं एखादं छोटं सॉफ्टवेअर चालवलं की यादीतल्या हव्या त्या चौकटीवर खूण करून सगळ्या अचीव्हमेंट्स उघडता येतात. अशी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. दोन मिनिटांचं काम. म्हणजे चौथा रन, खाण्याचा साठा, लेथो, सगळी कीर्तनातली कथा.

यात मला सगळ्यात टोचलं ते वेगळंच. त्याने जे विकलं ते मी मागितलं होतं. मी ‘७८ करून दे’ म्हणालो होतो आणि त्याने ७८ करून दिले. केराला वाचव असं मी कुठे म्हणालो होतो?

तरीही रागाच्या भरात मी त्याला मेसेज केला, ‘हे खेळून केलेलं नाही, अर्धे पैसे परत कर.’ त्याने उरलेले अर्धे मागितले. मी नकार दिला. तो एकदम मऊ झाला. ‘बरं, लॉगआउट होतो, तुझ्या अ‍ॅपमध्ये एक विनंती येईल, ती मान्य कर म्हणजे माझ्याकडचं लॉगिन निघून जाईल.’ विनंती आली. मी न वाचता मान्य केली. ती ई-मेल पत्ता बदलण्याची होती. आपण पासवर्ड बदलून सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करायचं सोडून चोरालाच बाहेर जायचा रस्ता विचारत होतो, हे जुन्या पत्त्यावर बदलाची सूचना आल्यावर उमगलं. मग पासवर्डही गेला. शेवटचा मेसेज: ‘अकाउंट हवंय तर पूर्ण पैसे.’ कित्येक वर्षांत जमवलेले गेम त्यात होते.

मी पैसे दिले नाहीत, पण त्यात शहाणपणा माझा नव्हता. बहिणीने फोन काढून घेतला. तिनेच स्टीमच्या मदत विभागात ‘अकाउंट चोरीला गेलं’ अशी विनंती टाकायला लावली. तिथे मालकीचा पुरावा लागतो: जुन्या खरेदीची पावती, पैसे कशाने भरले त्याचा तपशील, एखाद्या गेमची जुनी अ‍ॅक्टिव्हेशन की. माझ्या जुन्या मेलमध्ये पहिल्या खरेदीची पावती सापडली, नशीब. काही दिवसांनी अकाउंट परत मिळालं. खरं तर पासवर्ड दुसऱ्याला देणं स्टीमच्या अटींत बसतच नाही, त्यामुळे मी तक्रार करतानाही मान खाली घालूनच करत होतो. आगाऊ दिलेले पैसे मात्र गेले ते गेलेच.

आणि मधल्या त्या दिवसांत दुसरा गिधाड आला. मी ग्रुपवर अकाउंट गेल्याचं लिहिलं, तर कुणीतरी अनोळखी माणूस सहानुभूतीने बोलू लागला. त्याचंही असंच झालं होतं म्हणे, एका ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ने परत मिळवून दिलं, थोडी फी घेतो. संपर्क देऊ का? मी जवळजवळ हो म्हणालो होतो. ज्याचं घर नुकतंच लुटलं गेलंय त्याचं दार उघडंच असतं, हे या मंडळींना बरोबर ठाऊक असतं. तो कदाचित पहिलाच माणूस असेल दुसऱ्या नावाने, सांगता येत नाही.

नंतर मी त्याने दाखवलेल्या त्या ‘गिऱ्हाइकां’च्या प्रोफाइल पुन्हा उघडल्या. या वेळी खाली स्क्रोल केलं. एकाच्या वीस अचीव्हमेंट्स एका मिनिटात. दुसऱ्याच्या सगळ्याच. तुम्हाला कुणी असं काही दाखवलं तर टक्के पाहू नका, वेळा पाहा. डेथ मार्चवर अख्खा गेम एका रात्रीत होत नाही आणि एका मिनिटात तर नाहीच नाही. खरंच राहून गेलेल्या गोष्टी हव्या असतील तर खेळणारे लोक आपले सेव्ह फुकट वाटतात. ती फक्त फाइल असते, फोल्डरमध्ये टाकायची. सेव्ह म्हणून कुणी इन्स्टॉल करायचा प्रोग्रॅम पाठवला आणि वर ‘आधी अँटिव्हायरस बंद कर’ असं म्हणाला, तर तो सेव्ह नाही. माझ्या ग्रुपमधल्या एकाने असा प्रोग्रॅम चालवला. त्याला तर पासवर्ड किंवा कोड काहीच द्यावं लागलं नाही. ब्राउझरमध्ये आधीपासून चालू असलेलं लॉगिनच उचलून नेलं. कोडची सुरक्षा त्याच्याकडेही होती, पण लॉगिन झालेलंच असेल तर कोड विचारतो कोण?

खोट्या अचीव्हमेंट्स अजून माझ्या प्रोफाइलवर आहेत. त्याच सॉफ्टवेअरने त्या पुसताही येतात असं एकाने सांगितलं. मी म्हटलं, नको. ती वस्तू पुन्हा माझ्या अकाउंटजवळ येणार नाही.

गेल्या काही महिन्यांत मी डेथ मार्चवर पहिल्यापासून खेळलो. व्हाइट ऑर्चर्डच्या खाणावळीतला पहिला ग्वेंटचा डाव, मग वेलेन. केराला समजावलं. लेथोच्या बाबतीत दाढी करतानाच नीट उत्तर दिलं. परवा रात्री केअर मोरहेन गाठलं. लढाईच्या आधी सगळे एका दालनात जमले होते: केरा, लेथो, सगळे. बहीण शेजारी बसून बघत होती. मी सवयीने स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं.

तिथे काहीच आलं नाही. ती अचीव्हमेंट मला आधीच मिळालेली आहे, पहाटे ३:१२ ला.