गिफ्ट सिटी, गांधीनगर: अकरा महिने राहून दिलेले साडेतीन स्टार

"तिकडे टॅक्स नसतो ना गं?" गिफ्ट सिटी म्हणजे गांधीनगरजवळचं करसवलतीचं आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र, त्यामुळे डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये, गणपतीच्या आरतीला, अगदी भाजीवाल्यापाशीसुद्धा मला हे विचारून झालंय. असतो हो काकू. चांगला घसघशीत असतो. सूट कंपनीला आहे, मला नाही. माझा टीडीएस, म्हणजे पगारातून कापला जाणारा आयकर, मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) कापला जायचा तेवढाच इथेही कापला जातो. फरक म्हणाल तर प्रोफेशनल टॅक्सचा. महाराष्ट्रात वर्षाला २,५०० जायचे, गुजरातेत महिन्याला २०० म्हणजे २,४००. एवढ्या मोठ्या करसवलतीच्या झोनमध्ये येऊन माझे वर्षाचे शंभर रुपये वाचले. तेही पहिल्याच महिन्यात शाल घेण्यात गेले. शालीचं पुढे सांगते.

मी फंड अकाउंटिंगमध्ये आहे. बारा वर्षं बीकेसीत काढली, मग आमच्या कंपनीने इथे युनिट उघडलं आणि "वर्षभर जाऊन ये, बसवून दे" म्हणून मला धाडलं. कंपनी का आली ते मला वहीतच दिसतं. ती आली तेव्हाचा नियम असा: पंधरा वर्षांतली सलग दहा निवडायची, त्या दहा वर्षांत धंद्याच्या नफ्यावर आयकराची शंभर टक्के सूट. इथल्या एक्स्चेंजवर व्यवहार केला तर एसटीटी (शेअर-व्यवहारांवरचा कर) नाही, स्टँप ड्युटी नाही. हिशेबाची पुस्तकं डॉलरमध्ये. दिवसभर मी लाखो डॉलरचे आकडे जुळवते आणि खाली येऊन दहाच्या सुट्ट्यावरून चहावाल्याशी हुज्जत घालते.

आता जागा. ८८६ एकर आहे, त्यातले २६१ एकर सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, बाकीचा भाग देशी व्यवहारांसाठी. नकाशावर एकच दिसतं, पण सेझच्या हद्दीत शिरताना गळ्यात कार्ड लागतं. पहिल्या आठवड्यात मी ते घरी विसरले आणि उन्हात चाळीस मिनिटं उभी राहिले. चूक माझीच. पण सावलीला एक झाड असतं तर मी अर्धा स्टार जास्त दिला असता.

इमारतींना पूर्ण मार्क. एकाही खिडकीला एसीचा डबा लटकलेला नाही. गार पाणी एका मध्यवर्ती प्लँटमधून नळांनी सगळ्या इमारतींत फिरतं. वीज, पाणी, केबल, सगळं जमिनीखालच्या एका बोगद्यातून जातं, त्यामुळे अकरा महिन्यांत मी एकदाही रस्ता खोदलेला पाहिला नाही. डोंबिवलीच्या माणसाला हे परदेशच. कचराही नळातून ओढून नेतात. पण ऑफिसात गारठा इतका की बाहेर ४३ अंश आणि आत मी शाल लपेटून बॅलन्स शीट बघतेय. मे महिन्यात स्वेटर विकणारा एखादा इथे गाडी लावून बसला तर मालामाल होईल.

संध्याकाळ मात्र फिकी. सात वाजले की बस, टॅक्सी, गाड्या अहमदाबाद-गांधीनगरच्या दिशेने निघतात आणि साडेसातला रस्त्यावर वॉचमन आणि कुत्री. एक्स्चेंजच्या लोकांचे मजले तेवढे उजळलेले, कारण गिफ्ट निफ्टी, म्हणजे निफ्टी निर्देशांकावरचा डॉलरमधला वायदा, दिवसाचे जवळजवळ एकवीस तास चालतो. हाच पूर्वी सिंगापूरला एसजीएक्स निफ्टी होता, जुलै २०२३ मध्ये इथे आला. करसवलतीने धंदा समुद्रापलीकडून ओढून आणता येतो हे त्यातून कळतं. कोपऱ्यावरचा वाणी, पोळी-भाजी केंद्र, शिकवणीवाल्या बाई कशा ओढून आणायच्या, ते कुठल्या कलमात आहे कोण जाणे. आत राहायला फ्लॅट आहेत, पण आम्ही तिघी गांधीनगरच्या कुडासण भागात भाड्याने राहतो, कारण तिथे खाली दूध मिळतं.

दारूचं विचारणारे पुष्कळ. डिसेंबर २०२३ मध्ये इथल्या हॉटेल-क्लबमध्ये, इथे काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना, परवान्यावर बसून प्यायची मुभा मिळाली. आमचे दोन बंगाली सहकारी एकदा जाऊन आले. परत आल्यावर कितीतरी वेळ कागदपत्रांबद्दलच बोलत होते. मी पीत नाही, त्यामुळे स्टार राखून ठेवते.

जेवण: डबा मासींचा. हाताला चव आहे, फक्त डाळीत गूळ. तीन महिने मी गप्प खाल्लं, मग एक दिवस म्हटलं, "मासी, माझ्यासाठी वाटीभर गुळाआधी काढून ठेवाल का?" दुसऱ्या दिवसापासून डब्यावर चिठ्ठी येते, "मुंबईवाळा". झोनबाहेरच्या लारीवरची दाबेली आणि अडधी चा (अर्धा कप चहा), पाचपैकी पाच.

येणं-जाणं सुधारलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो गांधीनगरला आली आणि तिचा एक फाटा थेट गिफ्ट सिटीपर्यंत आला. शुक्रवारी रात्री अहमदाबादहून गुजरात मेल, पहाटे दादर, तिथून डोंबिवली लोकल. मुलगा उठायच्या आत दारात.

आणि हो, बीकेसीची आठवण. मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र करा असं सांगणारा पर्सी मिस्त्री समितीचा अहवाल २००७ चा. मी तेव्हा बी.कॉम.ला होते, सरांनी वर्गात त्यावर तासभर घेतला होता. पुढे राज्याने बीकेसीसाठी हा दर्जा मागितला. तो सेझमध्येच मिळतो आणि सेझ म्हणजे सलग मोठी जमीन. मुंबईत ती आणायची कुठून? २०१५ मध्ये गिफ्ट सिटीत केंद्र सुरूही झालं. २०२० मध्ये त्यावरचं नियामक प्राधिकरण गांधीनगरला बसवलं, तेव्हा शरद पवारांनी पंतप्रधानांना पत्र लिहून ते मुंबईत हवं म्हटलं. ते इथेच राहिलं. बीकेसीत त्यासाठी धरलेल्या जागेत आता जमिनीखाली बुलेट ट्रेनचं स्थानक बांधलं जातंय, आमच्या जुन्या ऑफिसच्या खिडकीतून क्रेन दिसायच्या. राग येतो का? येतो, शनिवारी. सोमवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावरून सात मिनिटांत ऑफिसला पोचले की तो जरा उतरतो.

तर साडेतीन स्टार. कंपनीला विचाराल तर ती पाच देईल. येणार असाल तर कुडासणला घर बघा, कार्ड पर्सला बांधून ठेवा, शाल आणा. डब्याला मासींचा नंबर हवा असेल तर मला विचारा, आणि गुळाचं पहिल्याच दिवशी सांगा.