फिल्टर प्रेसचं कापड: मोनो की मल्टी?

ईटीपीतल्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमधल्या) फिल्टर प्रेसला, म्हणजे प्लेटांवरच्या कापडातून गाळातलं पाणी दाबून काढणाऱ्या यंत्राला, कापड पीपीचं (पॉलिप्रॉपिलीनचं) घ्यायचं, इथपर्यंत फारसा वाद नसतो. चुना टाकून पीएच चढवलेल्या गाळात पॉलिएस्टर फार दिवस तग धरत नाही, आणि धुवायला आम्ल लागत असेल तर नायलॉनचं काही खरं नाही. घोडं अडतं ते मोनो (एकाच जाड तंतूच्या धाग्याचं) घ्यावं की मल्टी (अनेक बारीक तंतूंच्या धाग्याचं), इथे.

आमच्याकडे आधी मल्टी होतं. एक सांगतो, त्याचं पाणी पहिल्या मिनिटापासून नितळ. साहेबांना दाखवायला उत्तम! पण केक, म्हणजे कापडावर उरलेला घट्ट गाळाचा थर, काही सुटायचा नाही. प्लेट उघडली की दोन-तीन ठिकाणी चिकटलेला, मग पोरं खुरपं घेऊन खरवडत बसायची. प्लास्टिकचं खुरपं दिलं होतं, पण रात्रपाळीला पत्र्याची पट्टी कुठून तरी यायचीच. कापडाला भोक पडायचं, नाहीतर कडेला राहिलेल्या गाळामुळे प्लेटा नीट मिटायच्या नाहीत आणि पंप चालू केला की अंगावर फवारा. कापड वापराने कमी आणि खरवडण्यानेच जास्त गेलं, असं माझं मत झालं.

मोनोचा धागा एकसंध आणि गुळगुळीत, त्यामुळे केक बहुतेक वेळा स्वतःच्या वजनाने खाली पडतो. सुरुवातीचं पाणी मात्र गढूळ येतं. ते परत कलेक्शन टाकीत वळवायचं; केकचा थर बसला की पुढचं गाळणं तोच करतो. पंप हळू सुरू करा, नाहीतर बारीक कण पहिल्याच झटक्यात विणीत घुसतात.

धुणं दोघांनाही चुकत नाही. जेट फार जवळून मारला तर मोनोची वीण सरकते. चुन्याचा थर साध्या पाण्याने जात नाही, त्याला ५ टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक लागतं. गाळात सल्फाइड असेल तर आम्लाचं नावही काढू नका, विषारी वायू सुटतो. आणि केक कापडावर वाळू देऊ नका. सुट्टीआधी प्रेस रिकामी झालीच पाहिजे.

तुमचा गाळ रंगद्रव्यासारखा अगदी बारीक असेल, तर मल्टीच बरं पडेल कदाचित. उभे धागे मोनोचे आणि आडवे मल्टीचे असं मिश्र कापडही मिळतं, पण ते मी वापरलेलं नाही. नेहमीच्या चुना-फेरसच्या (चुना आणि लोहाचा क्षार टाकून तयार झालेल्या) गाळाला मी तरी आता मोनोच मागवतो, आणि मागवताना कॅलेंडर केलेलं (गरम रोलरमधून दाबून गुळगुळीत केलेलं) आहे ना, तेवढं विचारून घेतो.