एचबी-शेप: ‘ॲ’मधलं ठिपक्यांचं वर्तुळ कुणी घातलं ते सांगणारं फुकट अवजार

दिवाळी अंकाचं काम सुरू झालं की नारायण-सदाशिव पेठेतल्या डीटीपीच्या टेबलांवर एक भांडण ठरलेलं. लेखकाच्या लॅपटॉपवर ‘ॲडमिशन’ नीट दिसतं, पानं लावणाऱ्याच्या मशीनवर मात्र अ आणि चंद्र यांच्या मधोमध ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. लेखक म्हणतो फॉन्ट बदला, पानं लावणारा म्हणतो फाइलच खराब आहे. बहुतेकदा दोघंही चुकतात. हार्फबझ या अक्षरजुळणीच्या इंजिनासोबत मिळणारं एचबी-शेप हे भांडण पाच मिनिटांत मिटवतं.

उबुंटू लिनक्सवर ‘लिबहार्फबझ-बिन’ हे पॅकेज टाकायचं, मॅकवर होमब्रू या प्रोग्रॅम बसवणाऱ्या अवजारातून हार्फबझ घ्यायचं, विंडोजसाठी तयार झिप मिळते. बटणं, मेनू काही नाही, सगळं कमांड लाइनवर.

फॉन्टची फाइल आणि मजकूर दिला की झालं. विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरी थेट टाइप करू नका, तिथेच प्रश्नचिन्हं होतात आणि भलताच बग शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा ‘युनिकोड्स’ हा पर्याय वापरून अक्षरांचे नुसते युनिकोड आकडे द्या: अ साठी ०९०५, चंद्रासाठी ०९४५. उत्तर चौकटी कंसात येतं. प्रत्येक ग्लिफचं, म्हणजे फॉन्टमधल्या अक्षराकृतीचं नाव, तो मजकुरातल्या कितव्या जागेवरून आला आणि त्याची रुंदी. इथे दोन आकडे देऊन तीन ग्लिफ आले आणि मधला वर्तुळाचा असला, तर ते वर्तुळ इंजिनानं घातलंय. फॉन्टला शिव्या देण्यात अर्थ नाही.

कारण हार्फबझच्या आवृत्तीत आहे. ‘ॲ’ला ०९७२ हा स्वतंत्र कोड युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली मिळाला. त्याआधी अ टाइप करून वर चंद्र ठेवायचा, आणि कित्येकांच्या बोटांना तीच सवय राहिली. उबुंटू १८.०४ सोबतचं हार्फबझ १.७.२ ही जोडी मुकाट्यानं चिकटवतं. २२.०४ सोबतचं २.७.४ ती अवैध मानून मध्ये वर्तुळ घालतं. फाइल तीच, फॉन्ट तोच. दोन्ही मशीनवर एचबी-शेप चालवून उत्तरं शेजारी ठेवली की समोरचा गप्प बसतो.

उपाय मजकुरातच करायचा: ०९०५ अधिक ०९४५ शोधून सगळीकडे ०९७२ करा. तसंच अ अधिक काना-चंद्र असेल तिथे ०९११, म्हणजे ‘ऑ’. लिबरऑफिसमध्ये अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की कोड दिसतो. हे केलं नाही तर छापील पान कसंबसं निभावेल, पण पीडीएफमध्ये ‘ॲप’ शोधल्यावर जुन्या पद्धतीचं हाती लागणार नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं एक नाहीत.

‘ऱ्य’साठीही हे अवजार उपयोगी आहे. तो दोन प्रकारे लिहिला जातो: ०९३१ (ऱ) वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह वापरून. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. मधल्या कुठल्या तरी ‘मजकूर स्वच्छ करणाऱ्या’ प्रोग्रॅमनं ते अदृश्य चिन्ह उडवलं की सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि तो मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही सुटतो, कारण शब्द बरोबरच असतो. एचबी-शेपला दोन्ही क्रम द्या, ग्लिफ सारखे आले तर दोष मजकूर जिथून आला तिथे आहे.

‘लँग्वेज’ पर्यायात मराठी सांगायला विसरू नका, नाहीतर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

तक्रारी दोन. पहिली मोठी: हे अवजार स्वतःला जोडलेल्या हार्फबझचंच उत्तर देतं. लिबरऑफिसच्या अधिकृत साइटवरची प्रत आपलं वेगळं हार्फबझ सोबत आणते, फायरफॉक्सही तसंच. तेव्हा आधी ‘व्हर्जन’ विचारून आकडा टिपून ठेवा, नाहीतर टर्मिनलमध्ये सगळं शुद्ध आणि पानावर वर्तुळ, असा प्रकार होतो. दुसरी: ग्लिफची नावं फॉन्ट बनवणाऱ्याच्या मर्जीवर असतात, काही फॉन्टमध्ये नुसते क्रमांक दिसतात. अशा वेळी सोबतचं एचबी-व्ह्यू चित्र काढून दाखवतं, ते बघावं.

सीडॅकच्या योगेश-सुरेख या युनिकोडपूर्व फॉन्टांमधल्या जुन्या फायलींसाठी हे नाही. तिथे देवनागरी कोडच नसतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणा, मग इकडे या.