मरिनो की ईलाय?
दोघेही अमेरिकन फुटबॉलमधले क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू. सरस कोण, हा वाद. डॅन मरिनोने १९८४ च्या मोसमात ५,०८४ यार्डांचे पास फेकले, ४८ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून मिळणारे गुण) दिले. तोवर असा क्वार्टरबॅक कुणी पाहिलाच नव्हता. पण मायामीकडून १७ मोसम खेळून सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, एकदाच गाठला, तोही हरला.

ईलाय मॅनिंगचा नियमित मोसमातला हिशेब ११७ विजय, ११७ पराभव. काठावर पास म्हणा! तरी दोन सुपर बोल जिंकले, दोन्ही पेट्रियट्स संघाला हरवून. २००८ च्या सुपर बोलमध्ये तर प्रतिस्पर्ध्यांनी जर्सी धरलेली असताना तो निसटला, चेंडू भिरकावला आणि त्याचा सहकारी डेव्हिड टायरीने तो चक्क हेल्मेटवर दाबून झेलला. निम्मं श्रेय टायरीचं नको? मग मायामीच्या बचावफळीचे दोष मरिनोच्या माथी का? विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्या ईलायकडे असोत. संघ निवडताना माझं बोट मरिनोकडेच जाईल.