एकच उच्चार, चार अर्थ : चिनी घ्यावी की जपानी?

चिनी शिकावी की जपानी, हे ठरवताना लोक नोकरी बघतात, फी बघतात, नाहीतर आवडती ॲनिमे मालिका. मी आणखी एक गोष्ट बघायला सांगेन : कानाला सारखे वाटणारे शब्द. दोन्हीकडे ते ढिगाने आहेत, फक्त छळायची वेळ वेगळी.

चिनी (इथे मँडरिन) पहिल्याच आठवड्यात गाठते. सूर, म्हणजे अक्षर म्हणतानाचा आवाजाचा चढउतार, बाजूला ठेवले तर तिच्याकडे जेमतेम चारशे अक्षरोच्चार. 'माइ' सूर खाली नेऊन वर उचलला की विकत घेणं, वरून खाली आपटला की विकणं. बाजारात याची किंमत कळते! 'शान्शी' नावाचे दोन प्रांत एकमेकांना लागून आहेत, फरक पहिल्या अक्षराच्या सुराचा. रोमन लिपीत ते वेगळे दिसावेत म्हणून एकाला जादा 'ए' द्यावा लागला. जिथे सूरही सारखा, तिथे भाषेनेच तोड काढली. 'दहा' आणि 'दगड' दोन्ही 'शि', म्हणून बोलताना दगडाला शेपूट जोडून 'शिथोउ' म्हणतात. 'कर्करोग' आणि 'दाह' या अर्थांची अक्षरं पूर्वी एकाच उच्चाराची होती. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले की फुप्फुसाचा कर्करोग, हे कळेना, तेव्हा विसाव्या शतकात कर्करोगाचा उच्चार बदलून 'आय' केला.

आपल्याला इथे एक फायदा आहे. चिनीत क-ख, त-थ हा भेद अर्थ बदलतो आणि तो मराठी कानात आधीपासून असतो. कष्ट उरतात ते सुरांचे.

जपानी सुरुवातीला गोड वागते. चिनीसारखे अक्षरागणिक सूर नाहीत, स्वर ओळखीचे. पुण्यात तिचे वर्ग भरतात त्यात याचाही थोडा वाटा असावा. घोळ होतो तो पुढे, बातम्या ऐकायला लागल्यावर. जपानीने शतकानुशतकं चिनी शब्द उचलले, पण सूर गाळले आणि शेवटचे ध्वनी एकमेकांत मिसळले. चिनीतले काओ (उंच), कुंग (सार्वजनिक), क्वांग (प्रकाश), श्याओ (शाळा) हे चौघे जपानीत नुसते लांब 'को'. मग 'किकान' म्हणजे कालावधी, संस्था, अवयव, श्वासनलिका, परत येणं, यातलं काय ते संदर्भावरून ओळखायचं. विज्ञान 'कागाकु', रसायनशास्त्रही 'कागाकु'; गोंधळ नको म्हणून दुसऱ्याला मुद्दाम 'बाकेगाकु' म्हणतात. 'हाशि'मध्ये पहिलं अक्षर चढवलं की टोकियोत जेवायच्या काड्या, दुसरं चढवलं की पूल. ओसाकात नेमकं उलट. चार आणि मृत्यू यांत चिनीत निदान सुराचा फरक आहे, जपानीत दोन्ही 'शि', म्हणून चारला 'योन' हा शब्द जास्त चालतो.

कागदावर मात्र हे सगळं विरघळतं, कारण प्रत्येक 'किकान'ची चिन्हं वेगळी. अडलं तर जपानी माणूस तळहातावर बोटाने चिन्ह काढून दाखवतो. (मराठीत उलटी गंमत : 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण लिहायला एकच, बोलायला वेगळे.)

माझा कौल असा : मुख्यतः वाचायचं, भाषांतर करायचं असेल तर जपानीतल्या या शब्दांना घाबरू नका. दुभाषी व्हायचं असेल तर चिनीचा सुरुवातीचा जाच पत्करलेला बरा, कारण सूर कानात बसले की पुढे बराच भार तेच उचलतात. फी भरण्याआधी दोन्ही 'माइ' तासभर ऐकून बघा. दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखता आले, तर चिनी नाकारायला निदान सुरांचं कारण देऊ नका.